दोन मिनिटं

विधानभवनाच्या दारात पहारेकरी म्हणतो,
फलक आत ने, काठी इथंच ठेव.
काठीनं कुणाला तरी लागू शकतं.
तिच्या पुढचा माणूस कमरेचं पिस्तूल दाखवतो,
परवान्याचं कार्ड दाखवतो
आणि आत जातो,
टोपी काढून, अदबीनं.

विनिफ्रेड हॅलोरन, वय सतरा,
भिंतीशी रचलेल्या ढिगात आपली काठी ठेवते.
झाडूचाच दांडा तो, कापून घेतलेला,
त्यावर अजून निळा रंग.

खोली क्रमांक एकशे बारा.
साक्षीदाराला दोन मिनिटं.
टेबलावर बोटाएवढा दिवा,
आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल.

दोन मिनिटं
हे शब्द थियो लिंडक्विस्टचे.
ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवून तो म्हणाला होता,
दोन मिनिटं, बाटली भरतो.
आमच्या भाषेत निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो,
जाण्याच्या पदराला परतणं बांधून देतो.
त्यांच्याकडे तशी सोय नाही.
तरी तो जवळजवळ तेच म्हणाला होता.

हिरवा.
ती नाव सांगते, गाव सांगते, यत्ता.
वाद्यांची खोली. मागचं कपाट.
कपाटात अकरा जण आणि एक ढोल,
त्याला कुणाचं कोपर लागू नये म्हणून
सगळ्यांनी अंग चोरून घेतलेलं.
दात वाजत होते तिचे,
तर क्लॅरिनेटची रीड तिनं दातांत धरली.
वेळूची ती पातळ पट्टी आत्ता खिशात आहे,
चार दात उमटलेत तिच्यावर.
हे मात्र ती सांगत नाही.
कागदावर ते वाक्य होतं, काल रात्री खोडलं.
काहीतरी एक आपल्यापाशी राहू दे.

समितीतले एक गृहस्थ,
चष्मा कपाळावर सारून
माया करावी तसे विचारतात,
पोरी, बंदूक कधी हातात तरी धरलीयस?

धरलीय. नवव्या वर्षी.
आजोबांची. नोव्हेंबरात, उजाडायच्या आधी,
कापलेल्या मक्याच्या कडेला.
हरिण पडलं तेव्हा आजोबांनी टोपी काढली,
मलाही काढायला लावली.
म्हणाले, आता त्याच्याजवळ चालत जायचं.
लांबून मारलंस,
पण जवळ जाऊन बघायचं.

पिवळा.

तुमच्यापैकी कुणी गेलं होतं का जवळ?
पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी?

कुणी पेन शोधतं.
कुणी घड्याळाकडे न बघता घड्याळाकडे बघतं.
लाल.
घंटा वाजत नाही. एवढी सभ्यता आहे इथं.

सात विरुद्ध चार. विधेयक बासनात.
पुढचा विषय, मधमाश्यांच्या पेट्या
आणि त्यांचं रस्त्यापासूनचं अंतर.

बाहेर ढिगात तिची काठी सापडत नाही.
उरलेलीतली एक ती उचलते.
ही फारच लांब, ट्रकच्या हौद्यातून हातभर बाहेर येते.
आजोबा काही विचारत नाहीत.
तीन तास गाडी हाकून आले होते, आत आले नाहीत.
त्या सातांतल्या एकाला त्यांनीच मत दिलंय
आणि बंदूक अजून फडताळात आहे, तेलपाणी केलेली.
हे दोघांनाही माहीत आहे.
ते खिशातला तांबडा रुमाल काढतात,
काठीच्या टोकाला बांधतात,
मागच्या गाडीला दिसावं म्हणून.

हमरस्त्यावर पेट्रोलपंप.
आजोबा उतरता उतरता म्हणतात,
बस तू, दोन मिनिटं...

आणि दार धरून तसेच उभे राहतात.
इंजिनाची घरघर. वारा.
खूप वेळ.

चल, म्हणतात मग,
आणि तिच्या बाजूचं दार उघडतात.
पाणी आणायला दोघं मिळून जातात.